साफ्ताचं पाणी

परसातल्या विहिरीनं यंदा मे महिन्यातच हात टेकले. रहाट फिरवून फिरवून तुदोराच्या दंडात गोळे यायचे आणि बादली वर यायची ती निम्मी वाळूनं भरलेली. ती फडक्यातून गाळायची, पिळायची, आणि हाती काय लागायचं, तर कोंबड्यांच्या परातीपुरतं गढूळ पाणी. गावात नळ होते, पण आता त्यांच्यावर फक्त चिमण्या बसायच्या. सगळ्यांची भिस्त चर्चमागच्या जुन्या विहिरीवर होती. तिला फळीचं झाकण घालून कुलूप ठोकलं होतं आणि किल्ली योर्दाके म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवली होती. सकाळी तो खुर्ची टाकून बसायचा आणि माणशी दोन बादल्या मोजून द्यायचा. कुणी तिसरी मागितली की म्हणायचा, "डॅन्यूबवर जा की. तिथं कुनी इचारत न्हाई."

आणि नेमक्या अशाच सालात कोस्तिननं परसात पीचची कलमं लावून ठेवली होती.

कोस्तिन हा तुदोराचा नवरा. लग्नानंतरची बहुतेक वर्षं त्यानं स्पेनमध्ये प्लॅस्टिकच्या छपराखाली मिरच्या तोडण्यात काढली. वर्षाकाठी नाताळाला यायचा, डुक्कर कापायचा, छपराची कौलं सारखी करायचा आणि जायचा. गेल्या शरदात तो कंबर धरून आला तो कायमचाच, असं तुदोराला वाटलं. पण कायमचा शब्द त्यानं काही दिला नाही. घराच्या मागं, शेडपासून कुंपणापर्यंत, त्यानं डझनभर खड्डे घेतले, वाळूत लांबून आणलेली काळी माती कालवली आणि कलमं रोवली. हातावरची माती झटकत म्हणाला, "ही जगली तर मी हितंच. न्हाई जगली तर सप्टेंबरात गाडी पकडतो. मुकादमानं पॅकिंगला ये म्हनून सांगितलंय."

तुदोराला त्या दिवसापासून त्या काड्यांसारख्या झाडांचा लळा लागला. नवरा असून नसल्यासारखी तिनं इतकी वर्षं काढली होती. जेवायला बसताना समोर माणूस असतो, तो मिठाची बरणी पुढं सरकवतो, एवढ्याचंसुद्धा तिला अप्रूप होतं. ते तिला पुन्हा घालवायचं नव्हतं.

कोस्तिननं तिला सगळं दाखवून दिलं. आळं खोडापासून हातभर लांब काढायचं. पाणी खोडाला लागू द्यायचं नाही, साल कुजते. एकदम ओतायचं नाही, बारीक धारेनं सोडायचं, म्हणजे खोल जातं. वर पेंढा घालायचा. उन्हानं खोड तडकू नये म्हणून चुना फासायचा. पहिल्या सालात बारकी फळं धरलीच तर खुडून टाकायची. तुदोरा हे सगळं करत होती. फक्त पाणी तेवढं नव्हतं. चार बादल्यांत दोन माणसं, डुक्कर, कोंबड्या आणि स्वयंपाक. झाडांच्या वाट्याला यायचं ते भांडी विसळलेलं पाणी, तेही तेलाचा तवंग काढून. जूनच्या तोंडाला पानं उभ्या उभ्या वळायला लागली. कोस्तिन रोज एकेक पान बोटात धरून बघायचा आणि आत जायचा.

त्याच्या थोडं आधीच म्हातारी गेली होती.

साफ्ता, कोस्तिनची आई. हृदय थकलं होतं, पाय फुगून खांबासारखे झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी अगदी मोजकं. तुदोरानं ते तंतोतंत पाळलं. साफ्ताचा निळा मग, काठाचा टवका उडालेला, तिनं कपाटावर चढवून ठेवला. "एक घोट दे गं," म्हातारी म्हणायची. तुदोरा ओलं फडकं तिच्या ओठांवरून फिरवायची. म्हातारी त्या फडक्याला दातांनी धरायची आणि सोडायची नाही. कोस्तिन अशा वेळी खोलीतून उठून जायचा. शेवटच्या दुपारी साफ्ता पाणी मागत नव्हती, फक्त कपाटाच्या वरच्या अंगाला बघत होती. गेली तेव्हाही डोळे तिकडंच होते.

गावात मेलेल्या माणसाचं पाणी वाहतात. सहा आठवडे रोज सकाळी एक भरली बादली विहिरीवरून काढायची आणि नेमलेल्या घरी त्याच्या नावानं द्यायची. वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, आणि ते पाणी आपल्या घरात न्यायचं नाही. ज्याला दिलं त्यानं त्यातलं प्यायचं. तो इथं पितो, तेव्हा मेलेला तिथं पितो. शेवटी पाणी मोकळं करायचं. हे काम खरं तर कुमारिकेचं. पण गावातल्या सगळ्या पोरी इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. मग पाळी गेलेली बाई चालते, असं बायकांनीच ठरवलं, आणि सुनेइतकं जवळचं कोण? तुदोरानं बादली घेतली. पाणी द्यायचं घर ठरलं शेजारच्या वेतामावशीचं. वेता आणि साफ्ता बरोबरीच्या, जन्मभर कुंपणावरून भांडलेल्या.

या बादलीचा हिशेब योर्दाके करायचा नाही. तुदोरा साफ्ताचं नाव घ्यायची, तो टोपी काढायचा, झाकण सरकवायचा आणि दुसरीकडं बघायचा.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग वेतामावशी पायरीवरून पडली आणि तिचा मुलगा येऊन तिला क्रायोव्हा शहरात घेऊन गेला.

तुदोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती सकाळी भरली बादली घेऊन गेली तर दाराला कुलूप. हाक मारायची सोय नव्हती, बोलायचं नसतं. परत फिरायची सोय नव्हती, मागं वळायचं नसतं. पुढं जाऊन दुसरं घर गाठायला हवं होतं, हे तिला पक्कं कळत होतं. ती उभी राहिली. बादलीची कडी बोटांत रुतत होती. पाणी असं स्वच्छ की तळाचा गंज दिसत होता. आणि वेताच्या घराला वळसा घालून जी बोळकांडी जाते, ती सरळ तुदोराच्या परसाच्या फाटकाशी निघते.

घरात न्यायचं नाही म्हणतात, तिनं मनाशी म्हटलं. परसात न्यायचं नाही असं कुठं म्हणतात?

फाटकाजवळच्या कलमाच्या आळ्यात तिनं पहिली धार सोडली. "साफ्ताच्या नावानं," ती पुटपुटली, म्हणजे तेवढं तरी बरोबर व्हावं. पाणी आळ्यात थांबलंच नाही. घशातून उतरावं तसा आवाज करत खाली गेलं. वाळूच ती, तुदोराला वाटलं. अर्धी बादली त्याला, उरलेली पुढच्या दोघांना, असं करून तिनं बादली रिकामी केली.

दुसऱ्या दिवशीही वेताच्या दाराला कुलूप होतं. त्यानंतर तुदोरानं कुलूप बघणंसुद्धा सोडून दिलं.

आठवड्याभरात झाडांनी मान वर काढली. फाटकाजवळच्यानं तर कमालच केली. त्याची पानं काळपट हिरवी झाली, शेंड्याला कोवळे फुटवे आले. कोस्तिन बघतच राहिला.

"पानी कुठून आनतीस गं?"

"योर्दाकेकाका देतो. दया आली म्हाताऱ्याला."

"योर्दाकेला? दया?" कोस्तिन हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "त्येच्या बायकोला सांगू नको. तिला अजून म्हाईत न्हाई त्येच्याकडं तसलं काय असतं म्हनून."

तुदोराही हसली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.

मग एकेक गोष्ट तिला दिसायला लागली. सकाळी पाणी घातलेलं आळं दुपारी कोरडं ठणठणीत असायचं, पेंढ्याखालीसुद्धा ओल नाही. फाटकाजवळच्या आळ्याचा काठ एका बाजूनं दबलेला असायचा आणि तिथं शेजारी शेजारी दोन खळगे असायचे. कोंबडी बसली असेल, म्हणून तिनं खुरप्यानं काठ सारखा केला. दुसऱ्या दिवशी खळगे तसेच. साफ्ता गेल्यावर तिनं तो निळा मग कपाटावरून काढून स्वयंपाकघराबाहेरच्या खिळ्याला अडकवला होता. एका संध्याकाळी सहज हात लावला तर मगाच्या तळाशी ओली वाळू होती.

आणि कुत्रं. ते साफ्ताचं लाडकं, साखळीला बांधलेलं. दुपारी कोंबड्यासुद्धा गाड्याखाली शिरून डोळे मिटायच्या, तेव्हा ते उठून बसायचं, फाटकाकडं बघायचं आणि शेपूट हलवायचं.

तुदोरा कोस्तिनला काही बोलली नाही. बोलायला गेलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्यानं त्याच सुमारास खाट शेडमध्ये नेऊन टाकली होती. म्हणाला, पाठीला गार वाटतं. शेडच्या खिडकीतून सगळी बाग दिसायची. "बारा वाजता बागंत जाऊ नगंस," त्यानं एकदा तिला बजावलं. "वाळू तापती, पाय पोळतील." त्याला आपली काळजी वाटते, या विचारानं तिला बरं वाटलं. पुढच्या रविवारी गाडीवाल्याचा फोन आला, सप्टेंबरची जागा धरू का म्हणून. कोस्तिन म्हणाला, "थांब जरा. बघू." तुदोरा दाराआड उभी होती. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीची बादली आणखी काठोकाठ भरून आणली.

वेतामावशी काठी टेकत परत आली तेव्हा सहा आठवडे भरत आले होते. तुदोरा भरली बादली घेऊन तिच्या दाराशी गेली, जणू मधे काही झालंच नाही. वेतानं ओंजळीनं घोट घेतला, तोंड पुसलं आणि तिला बसवून घेतलं.

"मी नव्हते तवा कुनाला दिलंस?"

"दिलं की."

"कुनाला म्हनते मी."

"वरच्या आळीला," तुदोरा म्हणाली. वरच्या आळीच्या बायका खालच्या आळीला दिलं असं समजत होत्या. कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

वेतानं काठी बाजूला ठेवली. "तिकडं क्रायोव्हात साफ्ता माझ्या सपनात आली. हिकडं आयुष्यभर माझ्या कोंबड्यांस्नी दगडं मारली, आन् तिकडं सपनात बी सुखानं झोपू देईना. तोंडाला सगळी वाळू. म्हनली, पानी पोचतंय गं वेता, पर भुईवर गुडघं टेकून प्यावं लागतंय."

तुदोराच्या डोळ्यांसमोर ते दोन खळगे आले. त्याच सकाळी तिनं ते खुरप्यानं बुजवले होते.

त्या दुपारी ती बागेत गेली. वारा मुळीच नव्हता. बाकीच्या झाडांची पानं चित्रातल्यासारखी स्थिर होती, आणि फाटकाजवळच्याची खालची फांदी हलत होती. तुदोरा तीन-चार पावलांवर थांबली. कोरड्या आळ्यातून आवाज येत होता. एक घोट. मग थांबून दम घेतल्याचा आवाज. मग पुन्हा घोट. शेवटचे कितीतरी महिने तिनं या बाईला चमच्यानं भरवलं होतं. हा घोट, हा मधला दम, ती झोपेतही ओळखली असती. ती पाठ न फिरवता मागं मागं गेली. भिंतीला टेकली तेव्हा कुत्रं आनंदानं शेपूट आपटत होतं.

पाणी मोकळं करायच्या दिवशी सकाळी बायका विहिरीवर जमल्या. सगळ्या म्हाताऱ्या, काळ्या फडक्यांतल्या. गव्हाच्या गोड कोलिवाचं ताट आलं. वाळक्या भोपळ्याचं अर्धं कवच आणि त्यात उभी करायला मेणबत्ती आली. विहिरीपाशी गुरांची दगडी डोणी होती, तिच्यात पाणी ओतलं. आता वेता विचारणार, तुदोरा सांगणार, वेता प्याले म्हणणार आणि कवच पाण्यावर सोडणार. तसं केलं की साफ्ता सुटली.

"तुदोरा, साफ्ताचं पानी वाहिलंस का?"

"वाहिलं."

"आभाळ साक्षी, भुई साक्षी?"

"साक्षी."

आता वेतानं प्याले म्हणायचं. ती काठीवर रेलून उभी राहिली. "मी घरात हुते तवर मी प्याले. मधल्या दिसांचं मी खोटं बोलनार न्हाई, मला बी लवकरच तिकडं जायचंय. ज्यानं प्यालं त्यानं म्होरं यावं."

कुणीच पुढं आलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सगळ्या तुदोराकडं बघायला लागल्या. तिला वाटलं, एक नाव घ्यावं. कुणाचंही, गेल्या महिन्यात मुलीकडं गेलेल्या कुणा म्हातारीचं. कोण शोधणार? नाव घेतलं की झाडं राहतात, कोस्तिन राहतो. आणि साफ्ता तिथं फाटकाशी गुडघ्यांवर राहते, जन्मभर, तोंडात वाळू घेऊन.

"पीचांनी," तुदोरा म्हणाली. "मी झाडांना घातलं."

योर्दाकेनं काढलेली टोपी हळूच डोक्यावर ठेवली. "म्हंजे मी हितं डोळं मिटत हुतो," तो म्हणाला, "आन् तू मेलेल्या मानसाच्या नावावर बाग भिजवत हुतीस?"

"माझ्या नातवंडांची कापडं आठ-आठ दिस धुवायची ऱ्हात्यात," एक बाई म्हणाली. दुसरी तुदोराच्या पायापाशी थुंकली. तुदोरा मान खाली घालून उभी राहिली. तिच्या पायातली चप्पल कोस्तिननं स्पेनहून आणलेली होती. तिला त्या क्षणी त्या चपलेचीसुद्धा लाज वाटली.

"जित्तेपनी बी दिलं न्हाई मी तिला," ती म्हणाली. "तिचा मग वर कपाटावर ठेवला. ती बघत हुती."

"बास," वेता म्हणाली. "रडायचं मागनं रड. पानी साफ्ताच्या नावानं निघालं हुतं. ज्यानं प्यालं त्येला इचारायचं, दुसरं काय! जवाब आला न्हाई तर पुन्यांदा पैल्यापासनं सहा आठवडं वाहायचं, माझ्या दारात, आन् झाडं वाळली तर वाळली. चला."

कवच, मेणबत्ती, ताट आणि एक बादली पाणी घेऊन ती मिरवणूक बोळकांडीतून परसाच्या फाटकाशी आली. ऊन डोक्यावर आलं होतं. कोस्तिन शेडमध्ये खाटेवर पडला होता. एवढ्या बायका बघून तो उठला, कमरेला हात लावून दारात आला.

"काय झालं?"

तुदोरानं त्याच्याकडं बघितलं आणि सगळं सांगितलं, तिथंच, सगळ्यांच्या देखत. कुलूप, बोळकांडी, बादली. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

वेता फाटकाजवळच्या झाडापुढं उभी राहिली, जशी ती जिवंत साफ्तापुढं कुंपणाशी उभी राहायची. "साफ्ताचं पानी तू प्यालास का?"

पान हललं नाही.

"साफ्ताचं पानी तू प्यालास का?"

कुठंतरी लांब एक कोंबडी ओरडली आणि गप्प झाली. तुदोराच्या मनात आलं, तीनदा विचारतात, आता एकदाच विचारायचं राहिलं. मग पुन्हा सहा आठवडे याच फाटकावरून भरली बादली पलीकडं न्यायची, आणि ही झाडं माझ्या डोळ्यांदेखत वाळणार, आणि हा बॅग भरणार. तिनं मनातल्या मनात म्हटलं, सासूबाई, बोला. मी कपाटावर ठेवलेला मग विसरा आणि बोला.

"साफ्ताचं पानी—"

"प्याली," कोस्तिन म्हणाला.

तो झाडापाशी आला. कंबर धरून, एक हात जमिनीला लावत, खाली गुडघ्यांवर बसला. आळ्याच्या काठाशी, त्या दोन खळग्यांच्या शेजारी.

"आई प्याली. रोज दुपारी हितं बसायची. तो निळा मग घिऊन. मी खिडकीतनं बघत हुतो." त्याचा आवाज फाटला. "ती मागायची तवा मी खोलीतनं उठून जायचो. म्हनून आता रोज बसून बघत हुतो. पोटभर पीत हुती. मी साक्षी हाय."

बायकांनी छातीवर क्रूस काढले. योर्दाकेनं पुन्हा टोपी काढली. वेतानं आळ्यात बादली ओतली, कवचात मेणबत्ती पेटवून ते पाण्यावर ठेवलं. कवच एक गिरकी घेऊन काठाला लागलं. पाणी आवाज न करता, सावकाश, वाळूत जिरत गेलं. कवच तळाला टेकलं तेव्हा मेणबत्ती विझली. उन्हात धूर कुणाला दिसलाही नाही. कुत्र्यानं एकदा कान उभे केले आणि पायांवर डोकं ठेवून आडवं झालं.

बायका कोलिवा खाऊन गेल्या. जाताना कुणी तुदोराशी बोललं नाही, फक्त वेता म्हणाली, "उद्यापासनं दोनच बादल्या मानशी. ध्यानात ठिव."

संध्याकाळी दोघं पायरीवर बसली. मक्याच्या पिठाची मामालिगा ताटलीत गार होत होती.

"मला का सांगितलं न्हाईस?" तुदोरानं विचारलं.

"बोललो तर यायची न्हाई, असं वाटलं. ती येत हुती म्हनून तर मी गाडीवाल्याला थांब म्हनलं."

"म्हंजे झाडांसाठी न्हाई?"

"झाडं!" तो म्हणाला. "मला तर झाडं दिसतच नव्हती."

जी येत होती म्हणून हा राहिला, ती तर आता मोकळी झाली, तुदोराच्या मनात आलं. आणि मोकळी करणारी तूच, तिनं स्वतःला सुनावलं. ती रात्रभर जागी होती. तो बॅग काढील म्हणून कान देऊन ऐकत होती.

सकाळी ती उठली तर अंगणात बादल्या नव्हत्या. हातगाडीही नव्हती. ती तशीच विहिरीवर धावली. रांगेत, काळ्या फडक्यांच्या मधोमध, कोस्तिन हातगाडी धरून उभा होता. बायका त्याच्याकडं बघून तोंडाला फडक्याचं टोक लावत होत्या.

"बायकांच्या वळीत काय करतोस रं?" योर्दाकेनं विचारलं.

"पानी भरतोय."

"आन् स्पेन?"

"गाडी यील आन् जाईल," कोस्तिन म्हणाला. "आमच्या दोघांच्या चार बादल्या मोज."

दुपारी बारा वाजता दोघं शेडच्या दारात बसली. सकाळी त्यांनी आपल्या वाट्यातलं अर्धं पाणी बागेत घातलं होतं. फाटकाजवळच्या झाडाची पानं माना टाकून लोंबत होती, ते बहुधा जगणार नव्हतं. बाकीची तग धरून होती. कुत्रं झोपलं होतं. फाटकाशी कुणी आलं नाही. आळ्यातली ओल उन्हात हळूहळू फिकी पडत होती, जशी पडायला हवी तशी.

तुदोरानं आतून निळा मग भरून आणला होता. झाडाला घालावा की काय, ते तिला ठरवता येईना. कोस्तिननं तो तिच्या हातातून घेतला, अर्धा प्यायला आणि उरलेला तिच्यापुढं धरला.

"पी," तो म्हणाला.